काचेत गेलेला कचरा आणि भंगारात गेलेला कचरा

कन्हानवरून बोलतोय. अणुऊर्जेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "वीज ठीक आहे भाऊ, पण त्या कचऱ्याचं काय करतात?"

विजेचा कचरा कसा असतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. इकडे खापरखेडा, तिकडे कोराडी. शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती राख शेतात आणि नाल्यात गेली. त्या राखेतही युरेनियम-थोरियमचा अगदी थोडा अंश असतो, कारण तो मूळ कोळशातच असतो.

अणुकचऱ्याचं गणित उलटं आहे. माल कमी, पण फार तापट. कुडनकुळमसारख्या १००० मेगावॅटच्या अणुभट्टीतून वर्षाला साधारण २५ टन वापरलेलं इंधन निघतं. तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र वर्षाला लाखो टन राख टाकतं.

आपल्या राज्यात हे सगळं तारापूरला चालतं, पालघर जिल्ह्यात. तिथे १९६९ पासून अणुवीज तयार होते. भट्टीतून काढलेलं इंधन आधी काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी त्याला थंडही करतं आणि किरणंही अडवतं. मग त्यातून कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढतात. उरतो तो आम्लातला द्रव, आणि खरा जहाल कचरा तोच.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. हा द्रव सुमारे हजार अंशांवर बोरोसिलिकेट काचेत मुरवतात. प्रयोगशाळेतला बीकर ज्या जातीच्या काचेचा असतो, तीच जात. काचेच्या डब्यात भरत नाहीत हं, तो काचेचाच भाग होऊन जातो, म्हणून पाण्यात सहज सुटत नाही. ती काच स्टीलच्या डब्यात ओततात, डबा वेल्डिंगने बंद करतात आणि हवेने थंड होणाऱ्या कोठारात काही दशकं ठेवतात.

त्यापुढे काय? खोल खडकात कायमचं पुरायचं, असा बेत आहे. फिनलंडने त्यासाठी ४०० मीटरहून खोल खडकात बोगदे खोदलेत. आपल्याकडे अशी कायमची जागा अजून नाही. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे दहा अर्धायुष्यांनी, ३०० वर्षांत, ते हजाराव्या हिश्श्यावर येतं. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य मात्र २४ हजार वर्षं. म्हणून कोठार हे उत्तर नाही, मुदतवाढ आहे.

हातमोजे, कपडे, फिल्टर असा सौम्य कचरा दाबून किंवा सिमेंटमध्ये घालून जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकात जातो. हॉस्पिटलचं आणखी सोपं. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ देतात, त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं. पेशंटच्या टॉयलेटचं पाणी वेगळ्या टाकीत थांबवून ठेवायचं, आयोडीन आपोआप विझतं.

पण बे, माणूस मेला तो यांपैकी कुठेच नाही. दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात मेला, २०१० मध्ये. दिल्ली विद्यापीठात कोबाल्ट-६० चं एक जुनं यंत्र १९८५ पासून पडून होतं. ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं, दुकानात तोडलं गेलं. एकाने तर आतला तुकडा पाकिटात ठेवला होता. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, आणि ते यंत्र चाळीसेक वर्षांचं. मूळ ताकदीचा दोनशेवा हिस्साही धड उरला नसेल, तरी एक जण गेला आणि बाकीचे हॉस्पिटलात पडले.

तारापूरच्या काचेत याच्या कितीतरी पट जास्त किरणोत्सर्ग आहे. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक डब्याची नोंद आहे. मायापुरीत गेलेल्या यंत्राचा धनीच कागदावरून हरवला होता. मी दिवसभर डेटाबेसशीच झगडतो, त्यामुळे मला हे लगेच पटतं. आता अणुऊर्जा नियामक मंडळाची ई-लोरा नावाची ऑनलाइन यंत्रणा आहे. किरणोत्सारी स्रोत घेणं, हलवणं, परत करणं, सगळ्याची परवानगी त्यातूनच जाते. चांगली गोष्ट आहे. पण ती यायच्या आधी विकत घेतलेलं आणि कुठल्यातरी बंद खोलीत विसरलेलं यंत्र स्वतःहून लॉगिन करणार नाही ना!

आणि असे स्रोत फक्त विद्यापीठातच असतात असं नाही. बॉयलरच्या पाइपांचं वेल्डिंग तपासायला इरिडियम-१९२ चा कॅमेरा वापरतात. कारखाना बंद पडला, सामान विकलं, की पुढचा मुक्काम भंगाराचं दुकान.

तुमच्या ओळखीत कोणी भंगाराच्या धंद्यात असेल तर त्याला एक चित्र व्हॉट्सॲप करा: पिवळ्यावर काळं, तीन पात्यांच्या पंख्यासारखं चिन्ह. ते दिसलं, किंवा आकाराच्या मानाने भलतंच जड, शिशाचं बंद भांडं आलं, तर गॅस कटर लावायचा नाही, हातात घ्यायचं नाही. लोकांना लांब करायचं आणि ११२ ला फोन करून चिन्हाचं वर्णन सांगायचं. फोटो काढायला जवळ जायचं नाही, लांबूनच झूम करा.