रात्रपाळी कुणाची?

(वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्त्रियांच्या हक्कांच्या बैठकीत पोराच्या झोपेचा विषय कशाला, असं एखादीला वाटेल. पण दीड वर्षाचं मूल रात्री एकला टक्क जागं होतं आणि तीनपर्यंत खेळत बसतं, तेव्हा त्याच्याबरोबर कोण जागतं? आणि पहाटे नळाला पाणी आलं की हंडे भरायला पुन्हा कोण उठतं? ही पाळी कुठल्याच हजेरीपटावर लागत नाही.

आधी मुलाचं बघू. एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. पण हे दिवसाची झोप धरून! आपल्याला स्वयंपाक उरकायचा असतो म्हणून मूल संध्याकाळी पाच ते सात झोपवलं, तर ते दोन तास रात्रीतून वजा होणारच. शिवाय रात्री मधेमधे झोप चाळवते ती सगळ्यांचीच. आपण कूस बदलून झोपतो, पोर आईला शोधतं. त्यात दृष्ट लागलेली नसते आणि तुम्ही लाडावून ठेवलंय असंही नसतं.

रात्री कितीही जागलं तरी सकाळी नेहमीच्या वेळेला उठवायचं. जिवावर येतं, पण उपयोग याचाच जास्त. दुपारची झोप तीन-साडेतीनला संपवायची, संध्याकाळी बाहेर पळू द्यायचं. मुलाला वेगळ्या खोलीत झोपवा, असं पुस्तकं सांगतात. एका खोलीत सातजण राहणाऱ्यांनी ते पान उलटावं. पण मूल जागं झालं तर दिवा लावू नये, खेळू नये, मोबाइल तर हातात देऊच नये. मुकाट जवळ पडून राहायचं. दोन रात्रींत फरक पडत नाही, पंधरवडा तरी धीर धरावा लागतो.

रात्री शी-च्या जागी खाज सुटत असेल तर जंत असू शकतात. अंगात लोह कमी असलं, तरी मूल झोपेत तळमळतं. कान दुखत असेल तर आडवं केल्यावर जास्त रडतं. रोज घोरत असेल, तेही दाखवायला हवं. असं काही दिसलं तर दवाखाना गाठा.

मात्र झोपेसाठी औषध नको. १९२०च्या सुमाराला मुंबईच्या गिरणी कामगार बायका तान्ह्यांना अफूची गोळी देत. सरकारी पाहणीतही ते नोंदलं गेलं. पाळी लांबलचक, मूल ठेवायला जागा नाही, मग बाई करणार काय? आज अफूच्या जागी सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध आलंय. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये काढला. बाटली हातात घ्या, नाव वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

आता खरा प्रश्न. २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. "त्याला सकाळी कामावर जायचं असतं," असं आपणच म्हणतो. आणि आपण भांडी घासायला जातो ते काय फिरायला? एक वाजेपर्यंत एकाने उठायचं, नंतर दुसऱ्याने. अंगावर पीत असेल तर पाजून बापाच्या हाती द्यायचं. पहिल्या काही रात्री मूल त्याच्याकडे राहणार नाही, आकांत करील. म्हणून लगेच परत घेऊ नका. तुमच्याकडे तरी ते पहिल्या दिवशी कुठे गप्प राहिलं होतं?

पण सगळ्या घरांत हे जमणार नाही. पोर रडलं म्हणून बाईला मारलं, हे आपण किती तक्रारींत ऐकतो. जिथे नवरा दारू पिऊन हात उचलतो, तिथे मूल त्याच्या हाती देऊच नये. अशा बाईला दुपारी दोन तास झोप मिळेल, तेवढा वेळ शेजारणीने मूल सांभाळावं. हे काम गटाने अंगावर घ्यायला हवं, "बघू" म्हणून सोडून देऊ नये. आणि एक ऐका. जागरणाने डोकं फिरतं, मुलाला गदागदा हलवावंसं वाटतं. तसं हलवल्याने लहान मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या क्षणी मूल जमिनीवर अंथरुणात ठेवा आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहा. दोन मिनिटं रडू दे. रोजच रडू येत असेल, मूल सांभाळण्यात मनच लागत नसेल, तर ते गटात बोला आणि डॉक्टरांनाही सांगा.

पुढच्या बैठकीला येताना आठवडाभराची नोंद आणा. मूल किती वाजता उठलं, कितीला झोपलं आणि कोण उठलं. शेवटच्या रकान्यात नवऱ्याचं नाव एकदाही आलं नाही तरी तो रकाना रिकामा ठेवून आणा.