मागावर बसणाऱ्या बाईचा वाटा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. पदवी माझ्याकडे नाही, पण सारे आयुष्य कापडात गेले, म्हणून कापडावरच दोन शब्द बोलतो.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत, हे आपल्या वाडवडिलांनी भोगलेले आहे. का घेत नसत? तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यानं विटाळ होतो म्हणे! जास्त पगार मात्र त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. चांगल्या मजुरीच्या कामावर कोणाला बसू द्यायचं, हा तो प्रश्न होता.

हातमागावरच्या बाईचा प्रश्नही असाच आहे. अनेक विणकर घरांत पुरुष मागावर बसतो. बाई कांड्या भरते, सूत उकलते, ताण्याला हात लावते. ते "घरचंच काम", म्हणून त्याची वेगळी मजुरी नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत शंभरात बहात्तर बाया! म्हणजे हा धंदा उभा आहे तो बाईच्या हातावर.

महेश्वरचे उदाहरण घ्या. नर्मदेकाठी अहिल्याबाई होळकरांची ही राजधानी. तिथली लुगडी नावाजलेली. पुढे गिऱ्हाईक आटलं, माग थंडावले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे 'रेहवा' ही संस्था निघाली. तिने बायांना विणाई शिकवून मागावर बसवले. काठावरची जुनी नक्षी ठेवली, पण साडीबरोबर ओढण्या, स्टोल, ड्रेसचं कापडही विणायला घेतलं. शहरातली नोकरीवाली मुलगी रोज लुगडं नेसत नाही, पण महेश्वरी ओढणी हौसेने घेते. फॅशन म्हटलं की आपण नाक मुरडतो. इथे त्याच फॅशनने माग चालता ठेवला.

पण बंधूंनो, कापड महाग विकलं म्हणजे विणणारीचं भलं झालं, असं समजू नका. तीन गोष्टी विचारा. मजुरी तिच्या स्वतःच्या हातात पडते का? संस्थेच्या सभासद वहीत तिचं नाव आहे का? नवा वाण आणि भाव ठरवताना तिला विचारतात का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर बाई मागावर बसली तरी वाटा दुसऱ्याचाच.

आता आपलं काम. साडी, धोतर असे काही वाण १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी राखून ठेवलेले आहेत. तरी यंत्रमागावरची नक्कल हातमागाच्या नावाने बाजारात खपते. साच्यावर तास-दोन तासांत निघणाऱ्या मालाशी हाताने टक्कर कशी द्यायची? म्हणून घेताना २००६ पासूनचा 'हँडलूम मार्क' बघा. आपल्या भगिनी विहारात पांढरी साडी नेसून येतात. त्यांतली एक तरी हातमागाची असू द्या. साडी परवडत नसेल तर ओढणी घ्या, पंचा घ्या. पण घासाघीस करताना आठवा, तो भाव कोणाच्या तरी मजुरीतून कापला जातो.

मजुरीसाठी झगडलेली आपण माणसं. दुसऱ्याची मजुरी आपल्या हातून मारली जाऊ नये, एवढीच विनंती करून थांबतो.

नमो बुद्धाय. जयभीम.