घणाखालचीं नाणीं

दौंड तालुक्यांत भीमा आणि मुळामुठा या दोन नद्यांच्या कुशींत जो सुपीक मुलूख आहे, त्याला लोक राहूचें बेट म्हणतात. अशा मुलखांत नांगराच्या फाळाला किंवा पडक्या वाड्याच्या पायांत एखादें काळवंडलेलें तांब्याचें नाणें लागावें, यांत नवल कांहींच नाहीं. नवल वाटतें तें पुढच्या प्रकाराचें. नाणें घरीं येतें, चिंचेनें घांसून लखलखीत केलें जातें, आणि ज्या अक्षरांवरून त्याचें कुळ कळावयाचें तींच पुसट होतात. मग घरांतील मुलानें "हें कोणत्या राजाचें?" असें विचारलें, तर उत्तर देण्यास नाण्यापाशीं कांहीं उरलेलें नसतें.

आजचीं नाणीं यंत्रांत पडतात, म्हणून तीं एकासारखें एक असतात. जुनीं नाणीं हातानें पाडीत. ठराविक वजनाचा धातूचा तुकडा खालच्या ठशावर ठेवावयाचा, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि घणाचा घाव घालावयाचा. आपल्याकडे ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळें लेखाचा कांहीं भाग नाण्यावर उमटे आणि उरलेला बाहेर जाई. इंग्लंडांतहि रीत घणाचीच होती. तेथील चांदीच्या पेनीवर एका बाजूस राजाचें मुख व दुसऱ्या बाजूस क्रूस असे. कडा कातरून चांदी चोरणारांस आळा बसावा म्हणून १२४७ मध्यें हा क्रूस नाण्याच्या कांठापर्यंत लांबविण्यांत आला. १६६२ मध्यें इंग्लंडनें घण सोडून यंत्र धरलें. महाराष्ट्रांत मात्र त्यानंतर बारा वर्षांनीं घणाचा एक नवा इतिहास सुरू झाला.

१६७४ मध्यें राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनीं सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. शेजारच्या राज्यांचीं नाणीं फारसी अक्षरांचीं. हीं नागरी अक्षरांचीं. एका बाजूस तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूस दोन ओळींत "छत्र पति", आणि भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ. शिवराईचें वजन एका तोळ्याच्या आसपास भरतें. ठसे अनेक हातांनीं कोरलेले असल्यामुळें कोठें "शिव", कोठें "सिव", तर कोठें "सीव" असें लेखन आढळतें. ही अशुद्धता दोष नव्हे. नाण्यांचे प्रकार वेगळे काढण्याचें तें मोठें साधन आहे.

परंतु येथेंच बहुतेकांची फसगत होते. महाराजांच्या नांवाची शिवराई पुढें पेशवाईंतहि पडत राहिली. दोन ओळींमध्यें दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्या उत्तरकाळाची. म्हणून देवघरांतील प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतली असें समजणें बरोबर नव्हे. उलट प्रकार रुपयाचा. पुण्याच्या अंकुशी रुपयावर दिल्लीच्या बादशहाचें नांव फारसींत असतें, म्हणून लोक त्याला मोगली ठरवितात. त्यावरचें अंकुशाचें चिन्ह पाहिलें म्हणजे तो पुण्याचा हें कळतें. त्याच्यावर फसली सन असेल तर त्यांत ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन सुमारें मिळतो. तो १८१८ च्या पुढचा निघाला, तर रुपया पेशव्यांचा नसून इंग्रजी अमलांत पडलेला होय. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकच यंत्रांतला रुपया सर्वत्र आला आणि घणाची सद्दी ओसरली.

संग्रह करणारानें चार गोष्टी पाळाव्या. नाणें घांसूं नये. वजन व माप लिहून ठेवावें. तें कोठें सांपडलें हें त्याच्या पुडीवरच टिपून ठेवावें. आणि होन स्वस्तांत मिळत असेल तर दूर राहावें. नकली होन पुष्कळ आहेत, आणि खरा तीन ग्रॅमहूनहि हलका असतो. वाचनासाठीं पुण्यांत १९१० सालचें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीस १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे.

जमिनींत पुरलेला ठेवा सांपडला तर गोष्ट वेगळी. दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असें १८७८ चा कायदा सांगतो आणि तो अद्याप लागू आहे. भावाभावांत वांटून घेतलेलें गाडगें सोनाराच्या मुशींत जातें, तेव्हां धातूचें मोल हातीं येतें. पण त्यांतील सर्वांत अलीकडचें नाणें कोणतें, यावरून तें कोणत्या धामधुमींत पुरलें गेलें असावें याचा जो माग लागला असता, तो कायमचा बुजतो. राहूसारख्या गांवांचा इतिहास बखरींत फारसा लिहिलेला नाहीं. तो कदाचित् अशा एखाद्या गाडग्यांतच शिल्लक असेल.