शेजारच्या माणसाविषयीची जुनी अफवा
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. तरीही ज्यू लोकांविषयी जगभर वाढत असलेल्या द्वेषाबद्दल आज चार शब्द बोलणार आहे. गणपतीच्या मांडवात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण यातले काही लोक आपल्याच मायबोलीचे आहेत.

रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल आपल्याला माहीत असतील. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांच्यात कथा आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं. त्यांनी आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनातून सांगितल्या. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. पुण्यातल्या एका ज्यू प्रार्थनास्थळाला पुणेकर आजही लाल देऊळच म्हणतात. शतकानुशतकं शेजारी राहूनही कोकणात ज्यू म्हणून त्यांच्यावर कुणी हात उचलला नाही, हा आपल्या मातीचा मोठेपणा.

बाहेर मात्र चित्र वेगळं आहे. 27 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी एकाने गोळीबार केला. अकरा माणसं गेली, त्यात सर्वांत वयस्कर आजी 97 वर्षांच्या. मारेकऱ्याचा राग कशावर, तर एक ज्यू संस्था निर्वासितांना मदत करते यावर! पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या हाले शहरात, त्यांच्या सर्वांत पवित्र दिवशी, पन्नासेक माणसं प्रार्थनेला बसलेली असताना एक बंदूकधारी आला. लाकडी दार फुटलं नाही म्हणून आतले वाचले. बाहेर दोघांचा जीव गेला.

अमेरिकेत ज्यूंची वस्ती दोन टक्क्यांच्या आसपास. पण 2023 साली धर्मावरून झालेल्या द्वेषगुन्ह्यांपैकी 1,832 ज्यूंविरुद्धचे होते, म्हणजे तिनातले जवळजवळ दोन. ब्रिटनमध्ये अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे 2022 मध्ये 1,662 घटना होत्या; 2023 मध्ये तो आकडा चार हजारांच्या वर गेला. 7 ऑक्टोबरचा हमासचा हल्ला आणि नंतरचं गाझातलं युद्ध, यानंतर ही उसळी आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. गाझातल्या मुलांसाठी कुणाचा जीव तुटत असेल तर ते माणुसकीचंच लक्षण आहे. पण त्या रागात लंडनमधल्या शाळकरी पोराच्या डोक्यावरची टोपी ओढली, तर तो युद्धाचा निषेध राहत नाही. त्या पोराने कुठलं युद्ध पुकारलं होतं?

या द्वेषाचं मूळ अफवेत आहे. 1348-49 मध्ये युरोपात प्लेगने माणसं पटापट मरू लागली, तेव्हा ज्यूंनी विहिरीत विष कालवलं अशी आवई उठली आणि वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. 1903 मध्ये रशियात ज्यूंच्या जगावर राज्य करण्याच्या कटाचा एक ‘पुरावा’ छापून आला. 1921 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने तो दुसऱ्याच पुस्तकातून उचललेला बनाव असल्याचं दाखवून दिलं. तरी तो छापला जातच राहिला. हिटलरने त्याचा वापर केला, आणि शेवट साठ लाख माणसांच्या हत्येत झाला.

अफवेची रीत ध्यानात घ्या. मूठभर लोक, वेगळे सण, आपसात लग्नं, थोडी शिकलेली आणि थोडी पैसा राखून असलेली माणसं. मग ‘पडद्यामागून सगळं हेच चालवतात’ असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? गायकवाडी काळापासून गुजरातेत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याला इथे प्रेम मिळालं, हे आपलं भाग्य. प्रत्येक लहान समाजाच्या वाट्याला ते येत नाही.

आणि आपल्या घरात काय चालतं? 2012 साली अहमदाबादेत एका कपड्याच्या दुकानाला ‘हिटलर’ नाव दिलं होतं. तिथल्या मूठभर ज्यूंना ते लागलं, बोंबाबोंब झाली आणि नाव उतरलं. त्यामागे द्वेष नव्हता, अज्ञान होतं. पण ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य आपल्या दिवाणखान्यातही सहज ऐकू येतं, आणि शेजारी बसलेलं नातवंड ते उचलतं. त्या माणसाने काय केलं, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून तीनच विनंत्या करतो. मुलांना हा इतिहास सांगा. एखाद्या अख्ख्या जातीला किंवा धर्माला दोषी ठरवणारा निरोप मोबाइलवर आला, तर तो आपल्यापाशीच थांबवा, मग तो ज्यूंविषयी असो, मुसलमानांविषयी असो की आणखी कुणाविषयी. आणि कधी अहमदाबादला गेलात, तर खमासातलं सिनेगॉग बाहेरून का होईना बघून या.

26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हा ज्यू धर्मगुरूंच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या बाईंनी, सँड्रा सॅम्युएल यांनी, उचलून बाहेर आणलं. त्या धर्माने ज्यू नव्हत्या. मूल कुणाचं, हे त्या क्षणी त्यांनी पाहिलं नाही. बुद्धीची देवता आपल्यासमोर बसली आहे. तिच्याकडे एवढीच बुद्धी मागू या.

गणपती बाप्पा मोरया!