बॅटरी बदलण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर कीर्तन होतं, नाट्यसंगीत होतं, मुलांच्या स्पर्धा होतात. त्यात गाडीच्या बॅटरीवर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. आपल्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत आज मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला आहेत. घरी दोघं वडीलधारी आणि फाटकात उभी एक गाडी. ती आठवड्यातून एकदा राजवाड्यापर्यंत जाऊन येते. आणि ज्या रात्री खरोखर दवाखाना गाठायचा असतो, त्याच रात्री किल्ली फिरवली की नुसती ‘टक्’ करते.

सकाळी मेकॅनिक येतो, म्हणतो, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ आपण टाकतो. दोन महिन्यांनी पुन्हा तीच तऱ्हा. बॅटरी कधी खरंच गेलेली असते, पण पुष्कळदा हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार असतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी मोजा, मग बदला. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरतो. तीन-चारशे रुपयांत येतो.

आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी म्हणजे बॅटरी. ती भरणारा पंप म्हणजे अल्टरनेटर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि वीज तयार करतो. सकाळी टाकी रिकामी दिसली तर तीन शक्यता असतात: टाकीच खराब, पंप बंद, किंवा कुठेतरी गळती. गाडीतही याच तीन.

पहिलं मोजमाप सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. मीटर डीसी व्होल्टवर, २०च्या खुणेवर ठेवा. लाल तार अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचा. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२च्या खाली म्हणजे तळ गाठलेला.

दुसरं मोजमाप किल्ली फिरवताना. एकाने स्टार्टर मारावा, दुसऱ्याने मीटर पाहावा. भरलेली बॅटरी साधारण साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाऊ नये. आधी १२.६ आणि स्टार्टर मारताच आठ, तर ती आतून संपली आहे. इथे बॅटरी बदलणं योग्य. मात्र उतरलेल्या बॅटरीवर हा निकाल देऊ नका. आधी चार्ज करा, मग तपासा.

तिसरं मोजमाप इंजिन चालू असताना. आता साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावूनही आकडा १३च्या वरच राहायला हवा. तो साडेबारावर अडकला किंवा हळूहळू उतरू लागला, तर बॅटरी भरतच नाही. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. अशी बॅटरी उकळून मरते. नव्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नका. दिवे लावून पुन्हा पाहा.

चार्जिंग होत नाही म्हणून लगेच अल्टरनेटर काढायला लावू नका. पट्टा सैल आहे का? टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का? इंजिनाला जोडलेली अर्थची तार ढिली आहे का? मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. चालू गाडीत इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष तारेत आहे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही पाहा. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर तीही तक्रारच आहे.

राहिली गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, संगणक थोडी वीज घेतात. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण हिशेब करा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत अर्धी होते. बाहेरून लावलेला म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा याहून जास्त ओढत असेल, तर चार दिवसही पुरत नाहीत. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला तरी रात्रभर वीज झिरपते. ही तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण ती करायला आठवणीने सांगा.

आता काही पथ्यं. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत आजच्या गाड्यांत नको. विजेचा झटका बसून संगणक जळू शकतो. बॅटरी काढताना उणे तार आधी, लावताना शेवटी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नका. बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडी करा, वर व्हॅसलिन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

आपल्या माळव्यात आणखी एक गंमत होते. बॅटरीचं आयुष्य खातो मे महिन्याचा उन्हाळा आणि आळ येतो जानेवारीच्या थंडीवर, कारण अशक्त बॅटरी थंड इंजिन फिरवायला कमी पडते. म्हणून तपासणी थंडीच्या आधी करावी.

उभी गाडी अंगणात पाच मिनिटं चालू ठेवून फारसं काही भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी धक्का मारून सुरू केली तरी चार्जरवर भरून घ्या. अल्टरनेटर रोजची तूट भरून काढायला असतो, रिकामी टाकी काठोकाठ भरायला नव्हे.

खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतो, हळदकुंकू लावतो. यंदा त्याआधी बोनेट उघडा, तीन आकडे मोजा आणि गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. मुलं दिवाळीला आली की त्यांनाही दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!