बारा चित्रांचा कॅमेरा
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



खिशाखिशात मोबाईल असताना रोलच्या कॅमेऱ्यावर भाषण कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु संस्थेच्या आम्हा चार-पाच जणांनी असा एक कॅमेरा नव्यानेच हाताळला. त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

हा कॅमेरा म्हणजे अ‍ॅग्फा क्लिक थ्री. जर्मन अ‍ॅग्फाचा हा नमुना बडोद्यास तयार होत असे. आता तो बनत नाही. हाँगकाँगचा १९८२ सालचा होल्गा याच जातीचा. अशा कॅमेऱ्यांना लोक खेळण्यातला कॅमेरा म्हणतात. साधे भिंग, शटरचा एकच वेग, आणि ऊन व ढग अशा खुणा, एवढाच कारभार. १२० चा रोल घालायचा, मागच्या लाल खिडकीतून आकडा पाहत चावी फिरवायची. एका रोलवर चौकोनी १२ चित्रे मिळतात. चित्र घेतल्यावर चावी फिरवली नाही, तर त्याच जागी दुसरे चित्र उमटते. म्हणून घेतले की फिरवायचे, हा पहिला धडा.

पहिला रोल चंद्रपुरात जटपुरा गेट आणि रामाळा तलाव येथे घेतला. शटर सेकंदाच्या एका लहानशा भागाइतका वेळ उघडे राहते. तेवढ्यात हात हलला तरी चित्र पुसट होते. कॅमेरा छातीशी घट्ट धरावा, श्वास रोखावा, जमल्यास भिंतीला टेकावे. एवढे पाळले की दगडी कमान स्वच्छ उमटते.

दुसरा रोल गडचिरोलीच्या जंगलात नेला. येथे उजेडाचे गणित निराळे. चैत्रात सागाची पाने झडलेली असतात, ऊन जमिनीपर्यंत येते. पावसाळ्यात तेच बन भर दुपारी अंधारते. उघड्यावर १०० चा रोल पुरतो, दाट झाडीत ४०० चा घ्यावा. आमच्याकडील उन्हाळा फिल्मलाही सोसत नाही. रोल बंद डब्यात, सावलीत ठेवावा. गाडीच्या डिकीत ठेवू नये.

तिसरा रोल माणसांचा, आणि खरे सांगायचे ते येथेच आहे. हे भिंग जवळचे स्पष्ट दाखवीत नाही. माणूस दहाएक फुटांवर उभा करावा लागतो. त्यामुळे चेहऱ्याबरोबर अंगण, माठ, कुडाची भिंत हेही चित्रात येते. शिवाय बाराच चित्रे असल्याने कोणाचे घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते. आम्ही गावातील म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात केली.

एका आजीने विचारले, “बाबू, फोटो नेता, पण देता का?” बाहेरून माणसे येतात, फोटो घेतात, जातात. ज्याचा फोटो त्याच्या घरी तो पोचत नाही. तेव्हापासून आम्ही नियम केला. आधी परवानगी, मग फोटो, आणि पहिली प्रत त्याच घराला. आजींची प्रत आम्ही स्वतः नेऊन दिली. त्यांच्या मालकांचा एकही फोटो घरात नव्हता, हे तेव्हा कळले.

मित्रहो, आपल्या अनेक घरांत आजा-आजीचा फोटो नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरच्या दीक्षा सोहळ्यास हजर असलेल्यांपैकी आज थोडेच उरले आहेत. तेव्हा मांडीवर असलेली मुलेही आता सत्तरीच्या आगेमागे आहेत. मोबाईलमधील हजार फोटो मोबाईलबरोबर जातात. कागदावरील एक फोटो, मागे नाव, गाव, तारीख लिहिलेला, नातवंडांपर्यंत टिकतो.

कॅमेरा कोणताही चालेल. रोल महाग असला तर मोबाईलवर काढा, पण बाराच काढा आणि कागदावर छापून घ्या. प्रत्येक वस्तीतील विद्यार्थ्यांनी या वर्षी बारा वडीलधाऱ्यांचे फोटो घेऊन ते त्यांच्या हाती द्यावेत, एवढीच आमची विनंती आहे.