यंत्राखालची कातडी



परिषदेच्या अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावं, असा संकेत आहे. मी कातडीवर बोलणार आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या मधुमेही किशोरवयीन मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, ते अशुद्ध होतं आणि टोचल्या जागी गळू झालं. हा इतिहास शिकवताना आपण ते गळू गाळतो, आणि आजच्या मुलांची कातडीही तशीच नजरेआड करतो.

आपल्या शहरात टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ या संस्थेने बरंच काम उभं केलं आहे. बहुतेक मुलं अजून सिरिंज किंवा पेनवरच आहेत. एकाच जागी टोचून त्यांच्या पोटामांड्यांवर मऊ गाठी होतात, तिथून इन्सुलिन धड रक्तात उतरत नाही आणि साखर का हलते ते कुणाला कळत नाही. आपण डोस वाढवतो. पोटावरून हात फिरवत नाही.

ज्यांना परवडतं त्यांच्या दंडावर आता साखर मोजणारा सेन्सर आला. काही दहा दिवसांचे, काही चौदा. इन्सुलिन पंपाची सुईनळी मात्र दोन-तीन दिवसांत बदलायची. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, घामोळ्या उठतात, आणि आंघोळीआधी खोबरेल चोळायची घरची सवय सुटत नाही. त्या तेलकट कातडीवर सेन्सरची चिकटपट्टी टिकत नाही. हजारो रुपयांचा सेन्सर चौथ्या दिवशी शाळेच्या मैदानात पडतो, आणि घरी बोलणी मुलाला बसतात. लावायच्या दिवशी जागेवर तेल नको, पावडर नको, क्रीमही नको. साबणाने धुऊन ती पूर्ण वाळू द्यायची. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, पण ती दोन मिनिटं ओपीडीत कुणाच्याच वाट्याला नसतात.

आता खाजेचं. सगळी खाज सारखी नसते. घामाने, ओढाताणीने झालेली जळजळ पट्टी काढल्यावर काही दिवसांत विझते. अ‍ॅलर्जीची खाज दर सेन्सरगणिक वाढते, फोड येतात, ओल सुटते. आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट हे रसायन सेन्सरच्या प्लास्टिकचे भाग जोडणाऱ्या गोंदातून कातडीपर्यंत झिरपतं, हे २०१७ मध्ये फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरबाबत उघड झालं. २०२० साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं. अशा मुलाला खाली दुसरी पट्टी लावून भागतंच असं नाही. खाज नेमकी कशाची ते तपासणारी पॅच टेस्ट करावी लागते, कधी यंत्रच बदलावं लागतं. गोंदात काय आहे ते खोक्यावर छापलेलं नसतं. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात, मुलाच्या अंगाला चौदा दिवस चिकटणाऱ्या वस्तूवर नाही. याबद्दल या परिषदेने ठराव करावा, असं माझं मत आहे.

आणखी एक. पुस्तकांतली छायाचित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात. तिथे लाली लगेच दिसते. आपल्या सावळ्या मुलांत ती लपते, आणि डोळ्यांना दिसतो तो नंतरचा काळा डाग. तो महिनोन्‌महिने राहतो. मग आजी म्हणते, पोरीच्या दंडावर डाग, पुढे कसं व्हायचं? त्या प्रश्नावर मी चिडतो. पण याच धास्तीने घरोघरी सेन्सर कपाटात जातो, हे नाकारता येत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत बाही वर करा, बोटाने चाचपा, गरम लागतं का, खरखरीत झालंय का पाहा. जागा बदलत राहा आणि जुनी पूर्ण बरी होईपर्यंत तिकडे फिरकू नका. खाजऱ्या जागेवर हळद थापू नये, हेही सांगा.

काढताना पट्टी ओरबाडू नका. लावताना वर्ज्य असलेलं तेल इथे कामाला येतं: कडेला तेल सोडा, थोडं थांबा, एका हाताने कातडी दाबून धरा आणि पट्टी अंगालगत हळूहळू मागे घ्या.

चहानंतर शेजारच्या दालनात रिकाम्या पट्ट्या ठेवल्या आहेत, सुई नसलेल्या. प्रत्येक डॉक्टरने एक आपल्या दंडावर लावून घ्यावी. परवापर्यंत घामात ठेवावी, आणि काढताना तेल लावायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.